चासी नंबर: पाटीवरचा आणि पोलादातला

परिवहनच्या वेबसाइटवर जुन्या गाडीचं काम काढलं की गाडी नंबराच्या पाठोपाठ ती विचारते चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे. नव्या गाडीवाल्याला यात काही अडचण येत नाही. मोबाइलमध्ये आरसी असते, बघून आकडे टाकायचे. माझी गाडी १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० जीप. आरसी बुकात बघून आकडे टाकले, जुळत नाही म्हणाली. विम्याच्या पॉलिसीवरचे टाकले, तरी तेच. बॉनेट उघडून आतल्या पाटीवरचा नंबर वाचला, तर तो या दोन्हींच्या जवळपासही जाणारा नव्हता.

काम तसं सरळ होतं. आरसीची मुदत २०२१ साली संपली होती, ती वाढवून घ्यायची आणि मग एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या बसवायच्या. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या सगळ्या गाड्यांना महाराष्ट्रात त्या सक्तीच्या झाल्या, आणि त्या बुक करतानाही चासी नंबर नि इंजिन नंबर लागतोच. म्हणजे नंबर जुळल्याशिवाय दोन्ही कामं अडलेली.

इथे एक मधलं उत्तर देऊन टाकतो, कारण ठाण्यात ही जीप ज्याला ज्याला दाखवली त्याने आधी हेच विचारलं: 'अहो, डिझेल गाडी, पस्तीस वर्षं जुनी, चालते का अजून?' चालते. दहा वर्षांनी डिझेल बंद हा दिल्ली आणि आसपासच्या भागातला प्रकार. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून मुदतवाढ. फक्त पैसे भरायची तयारी हवी. पूर्वी ६०० रुपयांत होणारं हे काम एप्रिल २०२२ पासून ५,००० चं झालं, उशीर केलात तर महिन्याला ५०० रुपये वेगळे, आणि २०२५ साली वीस वर्षांवरच्या चारचाकीला ते १०,००० वर नेलं. पर्यावरण कर आणखी निराळा. घरात हा हिशेब मांडल्यावर 'तेवढ्यात एक बरा फ्रिज येतो' अशी प्रतिक्रिया आली. ती चुकीची नव्हती.

तर नंबर. जीप मूळची मामांची. घाटावरच्या शेतीसाठी त्यांनी नवी घेतली होती, नोंदणी तिकडच्याच जिल्ह्यातली. पुढे एनओसी घेऊन ती इकडे आणली, माझ्या नावावर केली, आणि कोलशेतला ओळखीतल्या एका काकांच्या शेडमध्ये ती उभी असते. या सगळ्या हस्तांतरात नंबर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत गेला. गाडीखाली वाकून प्रत्यक्ष नंबर कुणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

आरसी बुकातला नंबर हाताने लिहिलेला, निळ्या शाईत, आणि त्यावर गोल शिक्क्याची अर्धी कड आलेली. लिहिणाऱ्याचा इंग्रजी एक आणि इंग्रजी सात जुळे भाऊ. एकाला डोक्यावर आकडी, सातालाही आकडी, फरक काय तो कोनाचा. त्यामुळे शेवटचे चार आकडे ४८१७ म्हणायचे, ४८७७ की ४८११, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर. विम्याच्या पॉलिसीत टाइप केलेला नंबर होता, त्यात आठाच्या जागी तीन. वेबसाइटच्या पोटात कुठला आहे ते कळायला मार्ग नाही, कारण बाहेरून गाडीची माहिती काढली तर चासी नंबरचा शेवटचा भाग फुल्या मारून झाकलेला येतो. चोरापासून संरक्षण म्हणून ते योग्यच आहे, पण खऱ्या मालकालाही आपला नंबर दिसत नाही ही त्यातली गंमत. १७, ७७, ११ असं आलटून पालटून टाकून बघता आलं असतं. पण त्यातला एखादा जुळला असता तरी तो गाडीवर आहे की नाही हा प्रश्न उरलाच असता, आणि तपासणीला आरटीओचा निरीक्षक कागदाला नाही, गाडीला नंबर विचारतो.

राहता राहिली बॉनेटखालची पाटी. बहुतेक लोकांचा भरवसा तिच्यावरच असतो. इंजिनच्या मागचा जो उभा पत्रा, त्यावर अॅल्युमिनियमची छोटी पाटी रिव्हेट करून बसवलेली असते. ती दिसायला इतकी अधिकृत असते की नंबर म्हणजे हाच असं वाटतं. माझ्या पाटीचे रिव्हेट मी टॉर्च लावून पाहिले. चारातले दोन भरीव डोक्याचे होते, दोन पॉप रिव्हेट, म्हणजे मधोमध भोक असलेले, गल्लीतल्या पत्र्याच्या कामाला वापरतात ते. याचा अर्थ ती पाटी कधीतरी निघाली होती आणि परत बसली होती, किंवा दुसरीकडून आली होती.

मामींना फोन केला. त्यांना बरोबर आठवलं. 'अरे, तिची बॉडी सडली होती ना! खालचा पत्रा गेला होता पार, पाय ठेवला की रस्ता दिसायचा. मामाने दुसऱ्या जीपची बॉडी आणून चढवली.' झालं, कोडं सुटलं. जीपची बॉडी आणि चासी या दोन वेगळ्या वस्तू. चासी म्हणजे खालची शिडी: दोन लांब पोलादी कणे आणि मधल्या आडव्या पट्ट्या. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, स्प्रिंगचे पाटे बसतात आणि वर बॉडी बोल्टांनी आवळलेली असते. इंजिनमागचा उभा पत्रा बॉडीचा भाग. त्यामुळे बॉडी बदलली की पाटी बॉडीबरोबर जाते आणि चासी आपला नंबर घेऊन जागेवर राहते. आमच्या जीपवर दुसऱ्याच कुठल्यातरी जीपची पाटी इतकी वर्षं मानाने बसली होती.

जुन्या जीपमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. पावसाळी भागात बॉडी आधी जाते, चासी टिकते. हरियाणातल्या मंडी डबवालीला तर कोऱ्या बॉड्या बनवून जीपा उभ्या करायचा मोठा धंदाच आहे. जुन्या नमुन्याच्या कोऱ्या पाट्याही विकत मिळतात, त्यावर हवा तो नंबर ठोकून घ्या. तेव्हा जुनी जीप विकत घेताना मालक कौतुकाने बॉनेट उघडून पाटी दाखवायला लागला तर दाद द्या, पण नंबर खालीच वाचा.

हा घोळ जीपइतकाच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी जवळपास एकसारख्या जीपा बनवल्या. विलीजने चासीचा नंबर एका छोट्या पाटीवर देऊन ती डाव्या कण्याच्या आतल्या अंगाला रिव्हेट केली. फोर्डने डाव्या कण्याच्या वरच्या बाजूलाच, पुढच्या बंपरच्या मागे, पोलादात नंबर ठोकला. आज त्या गाड्या जमवणाऱ्यांत फोर्डवाल्यांना कमी त्रास, कारण विलीजच्या पाट्या कुठेतरी गळून पडलेल्या असतात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीला मुंबईत विलीजचीच जीप जोडायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या सगळ्या जीपा त्या घराण्यातल्या.

माझी एमएम ५४० त्यातली १९८५ नंतरची पिढी, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन असलेली. तिच्या काळात आजचा सतरा अक्षरी व्हिन, म्हणजे गाडीचा ठरावीक साच्यातला ओळख क्रमांक, नव्हता. तो असता तर निम्मा त्रास वाचला असता. व्हिनमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुळातच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी गल्लत नको म्हणून. महिंद्राचा व्हिन एमए१ ने सुरू होतो, त्यामुळे सुरुवात तरी ताडून बघता येते. माझ्या नंबरात पुढे थोडी अक्षरं आणि मागे आकडे, ताडायला काही नाही. जे ठोकलंय ते वाचायचं.

आता वाचायचं कुठे? जीपवाल्या मित्रांना विचारलं तर चौघांनी चार जागा सांगितल्या. एकाने मागच्या स्प्रिंगपाट्याच्या हँगरजवळ, एकाने गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीवर. वागळे इस्टेटमध्ये एक वयस्क मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीपाच केलेले. त्यांना फोन केला. ते म्हणाले, 'ड्रायव्हरकडचा कणा, पुढच्या चाकाच्या आत. स्टिअरिंग बॉक्सच्या आसपास बघा. आणि दादा, मी येईपर्यंत कुणाला ग्राइंडर लावू देऊ नका.'

हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. त्यामागे अनुभव होता. नंबर पोलादात ठोकलेला असला तरी त्याची खोली एक मिलिमीटरसुद्धा नसते. त्यावर गंज आणि रंग असतो म्हणून एखादा उत्साही पोरगा अँगल ग्राइंडर फिरवतो, क्षणात पोलाद चकचकीत होतं आणि त्याबरोबर नंबरही जातो. आणि नंबर थोडाफार वाचला तरी त्याभोवती ताज्या ग्राइंडिंगच्या रेषा दिसल्या की आरटीओत सगळ्यांच्या भुवया वर जातात. चोरीच्या गाडीचा नंबर घालवायची पद्धत तीच असते.

जीपखाली लाकडी ठोकळे घालून पुढचं उजवं चाक काढलं. चाकाच्या आत जे दिसलं त्याला कणा म्हणायला कल्पनाशक्ती लागत होती. काळ्या डांबरी कोटिंगवर माती, मातीवर तेल, तेलावर परत माती, असा बोटभर जाड थर. स्टिअरिंग बॉक्स गळत होता, बहुधा मामांच्या काळापासून. मी चरफडत होतो, पण मिस्त्री खूष झाले. 'गळतोय हे चांगलं. जिथे तेल, तिथे गंज नाही.' आणि तसंच निघालं. डाव्या बाजूचा कणा त्याच उंचीवर गंजाने खडबडीत झाला होता. उजवीकडे, बॉक्सच्या खाली आणि मागे, तेलाने माखलेलं पोलाद जवळजवळ नवं होतं. बॉक्सचं सील मी तोवर बदललं नव्हतं याचा पहिल्यांदाच फायदा झाला.

साफसफाईला जांभळी नाक्यावरून सामान आणलं होतं: पितळेच्या तारांचे दोन ब्रश, प्लास्टिकची खरवडणी, पेंट रिमूव्हरचा डबा, खडू. लोखंडी तारांचा ब्रश मिस्त्रींनी बाजूला ठेवायला लावला. तो पोलादावर स्वतःचे ओरखडे उमटवतो आणि मग ओरखडा कुठला नि आकड्याची रेघ कुठली ते कळत नाही. पितळ पोलादापेक्षा मऊ, मळ काढतं, धातूला धक्का लावत नाही.

आधी डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी कण्यावर बांधून ठेवली आणि चहा घेतला. चिंधी काढल्यावर मातीचा थर खरवडणीने पापुद्र्यांसारखा सुटला. त्याखालच्या डांबरी कोटिंगला रिमूव्हर लावला. शेडचं दार सताड उघडं ठेवलं होतं तरी वासाने डोळे चुरचुरले, आणि हातमोजे नसते तर कातडीही चुरचुरली असती. कोटिंग फुगून वर आलं, पुसलं. मग काळा रंग, त्याखाली आणखी एक काळा रंग, त्याखाली तांबूस प्रायमर. प्रत्येक थर वेगळा काढायचा, घाई करायची नाही. प्रायमर गेला आणि मिस्त्रींनी बोट फिरवून सांगितलं, 'आहे इथे.' मला डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या बोटाला कळलं होतं.

डोळ्यांना दिसायला उजेड तिरपा लागतो. टॉर्च समोरून मारला की पोलाद नुसतं चमकतं. तोच टॉर्च कण्याला जवळपास चिकटवून बाजूने मारला तर ठोकलेल्या प्रत्येक रेघेत सावली बसते आणि नंबर एकदम वर आल्यासारखा वाटतो. मोबाइलने फोटो काढतानाही फ्लॅश बंद, टॉर्च बाजूने. त्यानंतर खडूची पूड बोटाने चोळली आणि वरवर कापड फिरवलं. खोलगट भागात पांढरं राहिलं, बाकी पुसलं गेलं. नंबर हाताने पंच धरून, हातोडीने ठोकलेला. ओळ सरळ नव्हती, एक अक्षर किंचित कललेलं, एक आकडा इतरांपेक्षा खोल. कारखान्यातल्या कुणा कामगाराच्या हाताचा जोर त्या दिवशी तिथे जरा जास्त पडला असावा.

अक्षरं मिळाली, पुढचे आकडे मिळाले. अडलं शेवटच्या चारांपैकी दुसऱ्यावर, तोच आठ की तीन. या जीपांची चासी स्टिअरिंग बॉक्सजवळ तडकते, वळताना सगळा ताण तिथे येतो म्हणून. आमच्याही चासीला तिथे कधीतरी जोडपट्टी वेल्ड केलेली होती. पट्टी नंबरापासून दोन बोटं अलीकडे संपत होती, पण वेल्डिंगचे शिंतोडे उडून नंबरावर बसले होते. मोहरीएवढे गोळे. त्यातला एक नेमका त्या आकड्याच्या डाव्या अंगाला. आणि इंग्रजी आठ आणि इंग्रजी तीन यांच्यातला फरक सगळा डाव्या अंगालाच असतो.

मिस्त्रींनी घड्याळजीकडे असावी तशी बारीक छिन्नी काढली. शिंतोडा वरून ठोकायचा नाही, पोलादात दबतो. बाजूने, जवळजवळ आडवी छिन्नी धरून, टिचकीएवढा ठोका. दोन शिंतोडे सहज उडाले. मधला हट्टी निघाला. त्याच्या मुळाशी पेंट रिमूव्हर सोडला तरी हलेना, तो धातूलाच चिकटलेला. मग मिस्त्रींनी वेगळंच केलं. त्याला हात न लावता त्यांनी मला नंबरातले बाकीचे आकडे बघायला लावले. त्यात सुरुवातीकडे एक स्पष्ट तीन होता. 'हा तीन बघा, वरचं डोकं सपाट आहे का गोल?' सपाट होतं. वरून आडवी रेघ, मग तिरकी खाली. अडलेल्या आकड्याचं डोकं गोल होतं. ठोकणाऱ्याकडे तीनाचा पंच एकच असणार, एकाच नंबरात दोन तऱ्हेचे तीन येणार नाहीत. म्हणजे तो तीन नव्हता. तरीही खात्री म्हणून शिंतोड्याची कड बारीक कानसीने थोडी उतरवली, खडू चोळला, आणि डाव्या अंगाची गोलाई निघाली. आठ. त्याच्या पुढे एक, सरळ दांडी, डोक्यावर काही नाही. मग सात. ४८१७. आरसी बुकातल्या कारकुनाने बरोबर लिहिलं होतं, फक्त त्याचं अक्षर वाचायला त्याच्या घरचंच माणूस हवं होतं.

गंजाचे खड्डे आणि ठोकलेली रेघ यातही लोक फसतात, त्याबद्दल मिस्त्रींची कसोटी अशी: पंचाच्या रेघेची भिंत उभी असते आणि रेघ तुटत नाही, गंजाचा खड्डा कडेला पसरट असतो आणि मन मानेल तसा वळतो. शंका आली की फोटो मोठा करून बघण्यापेक्षा छाप घ्यावी, छापेत खोटं कमी टिकतं.

छाप म्हणजे आरटीओच्या भाषेत चासी प्रिंट. एजंट लोक ती इतक्या सफाईने घेतात की बघत राहावं. पातळ कागद नंबरावर ताणून धरायचा आणि मऊ शिशाची पेन्सिल आडवी करून हलके फिरवायची. खोलगट आकडे पांढरे राहतात. टोकदार, कडक पेन्सिलीने कागद फाटतो. कण्याजवळ हात नीट पुरत नसेल तर दुसरी तऱ्हा: पेन्सिलीचं शिसं थेट पोलादावर चोळायचं, त्यावर पारदर्शक चिकटपट्टी दाबायची, सोलून काढायची आणि कागदावर चिकटवायची. आकडे उलटे येत नाहीत, कारण पट्टीतून आरपार बघतो. मी दोन्ही प्रकारांनी छापा घेतल्या. चिकटपट्टीची जास्त स्वच्छ आली, शिंतोड्याच्या जागेचा डागही दिसला आणि मी तो तसाच राहू दिला. साफ करायच्या आधीचे, करतानाचे आणि नंतरचे फोटो क्रमाने ठेवले. पुढे त्यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

इंजिन नंबराचं काम चिंधीत आटोपलं. ब्लॉकच्या बाजूच्या सपाट पट्टीवर होता, डिझेलने पुसला, आरसीशी जुळला. जुन्या पेट्रोल विलीजमध्ये तो पुढे, वॉटर पंपाजवळच्या उंचवट्यावर सापडतो.

समजा नंबर वाचताच आला नसता तर? गंजून गेला असता किंवा कुणी घासला असता? हा प्रश्न मी निरीक्षकांना विचारला. त्यांचं म्हणणं, आपण होऊन पंच घेऊन परत ठोकायचा तर नाहीच, तो सरळ गुन्ह्यात जातो. आधी अर्ज करायचा, मूळ कागद दाखवायचे, आणि खात्याच्या परवानगीने, त्यांच्या देखरेखीखाली नंबर पुन्हा ठोकला जातो. संशय असेल तर प्रकरण पोलिसांकडे आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातं. आपल्याकडची कलिन्याला आहे. तिथे घासलेला नंबरही परत वर काढतात. पंच ठोकताना दाब फक्त दिसणाऱ्या खड्ड्यापुरता राहत नाही, त्याच्या खालच्या पोलादाचीही घडण दबून बदलते. वरचा थर घासून टाकला तरी खालचं दबलेलं पोलाद तसंच असतं. त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि क्युप्रिक क्लोराइडचं मिश्रण फिरवलं की दबलेला भाग आणि न दबलेला भाग वेगवेगळ्या वेगाने खाल्ला जातो आणि गेलेला आकडा थोडा वेळ उमटतो. हे शेडमध्ये करून बघायची मला क्षणभर खुमखुमी आली होती. मिस्त्रींनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

पुढचा भाग कागदांचा. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवत न्यायची नाही म्हणून फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक केला. कोलशेतहून निघून कापूरबावडीच्या सिग्नलला अडकलो, तेव्हा शेजारच्या बसमधले लोक वर चढवलेल्या जीपचे फोटो काढत होते. आरटीओत अर्जाबरोबर चासी प्रिंट, फोटो, जुनं आरसी बुक आणि बॉडी बदलल्याबद्दलचं माझं निवेदन लावलं. संगणकात नंबर ४८७७ असा चढलेला होता. जुनी बुकं संगणकावर घेताना त्या आकडीवाल्या एकाचा सात झाला होता. टेबलावरच्या ताईंनी बुक उघडून बघितलं आणि त्यासुद्धा म्हणाल्या, 'मीही सातच वाचला असता.'

निरीक्षक साहेब तरुण होते. त्यांनी आधी बॉनेट उघडायला लावलं, पाटी वाचली आणि कपाळाला आठी पडली. मी लगेच खालचं दाखवलं. ते गुडघ्यावर बसले, स्वतःचा टॉर्च काढला, आणि मिस्त्रींनी सांगितला होता तसाच बाजूने धरला. मला तिथेच बरं वाटलं. पाटी वेगळी का, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं. उत्तर एकच मिळत गेलं तसा त्यांचा सूर बदलला. जोडपट्टी नंबराच्या किती जवळ आहे ते त्यांनी टेप लावून मोजलं आणि नंबराभोवती ग्राइंडिंग नाही हे अंगठा फिरवून पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या हाताने एक छाप घेतली, माझ्या छापेशेजारी धरली आणि सही केली. पाटीबद्दल विचारलं तर म्हणाले, 'आहे तिथेच राहू द्या. काढली तर पुढच्या वेळी का काढली ते सांगत बसाल. बॉडीची नोंद करून घेतो.'

संगणकातली दुरुस्ती वरच्या मंजुरीने व्हायची होती, ती झाल्यावर वेबसाइटने पाच आकडे मुकाट्याने घेतले. मग मुदतवाढीचा फॉर्म २५, कर, दंड, पीयूसी, ब्रेक आणि दिव्यांची तपासणी. त्यात सांगण्यासारखं काही नाही, एक इंडिकेटर सोडला तर.

माझं हे चालू असताना कळव्यातल्या एका मित्राने आपल्या साठच्या दशकातल्या, उंच बॉनेटच्या सीजे-३बी चा नंबर काढायला घेतला. त्याला व्हिंटेज नोंदणी हवी आहे. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. त्याच्या जीपमध्ये कुणीतरी ट्रॅक्टरच्या जातीचं डिझेल इंजिन बसवलंय, तेव्हा त्याचं नंबरावर भागेल असं दिसत नाही.

कण्यावरच्या उघड्या पोलादावर मी रंग मारला नाही. ग्रीसचा पातळ हात दिला आणि वर प्लास्टिकचा तुकडा बांधला, म्हणजे पाच वर्षांनी चिंधीने पुसलं की झालं. स्टिअरिंग बॉक्सचं सील बदलून घेतलं. विम्यातला तीनाचा आठ करायला कंपनीला मेल टाकली. त्यांनी नवी आरसी आणि चासी प्रिंट मागितली, चिकटपट्टीवाली छापच स्कॅन करून पाठवली, आणि दुरुस्तीची पुरवणी जादा हप्त्याशिवाय आली.